डीपीखालची लवंगी

पिंपरी-चिंचवडात माणसाची ओळख आडनावाने होत नाही, कंपनीने होते. टेल्कोवाले काका, बजाजवाले दादा, एचएतले आजोबा. एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 साली पिंपरीत ही पेनिसिलिनची कंपनी आली आणि तिच्या मागोमाग शहर आलं. टेल्कोची पाटी 2003 साली बदलून टाटा मोटर्स झाली, काका मात्र टेल्कोवालेच राहिले. कंपनी सांगून झाली की दुसरा प्रश्न ठरलेला: ‘मूळचे कुठले?’ भोसरी, चिखली, मोशी, वाकडची गाववाली मंडळी सोडली तर याला ‘इथलेच’ असं उत्तर देणारा विरळाच. आमच्या सोसायटीत जळगाव आहे, बीड आहे, कराड आहे, मालवण आहे, नागपूर आहे, कोट्टायम आहे आणि अलीकडे वरच्या मजल्यावर भाड्याने बिहारातलं सिवानही आलं आहे.

या दोन्ही प्रश्नांना दाद न देणारी एकच रहिवासी आहे. ती विजेच्या डीपीच्या जाळीखाली, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी असते. मेंटेनन्स भरत नाही, पार्किंग मागत नाही, सभेला येत नाही. पण सभा तिच्यावरून मोडते. छातीइतक्या उंचीचं मिरचीचं झुडूप.

बाजारातल्या मिरचीचं रोप असतं. तोडे झाले, हंगाम संपला की उपटून बांधावर फेकतात. हिचं खोड अंगठ्याहून जाड आणि चांगलं लाकडी आहे, आणि ती वर्षानुवर्षं जागची हललेली नाही. पानं बारकी. फुलं हिरवट पांढरी, मान खाली घातलेली, शाळेत पहिल्या दिवशी आल्यासारखी. मिरच्या मात्र टोक आभाळाकडे करून उभ्या. लांबी करंगळीच्या पेराएवढी. हिरवी मिरची ओढली तर देठ सुटत नाही, सगळी फांदीच हातात येऊ पाहते. लाल झालेली मात्र बोट लागताच हिरवी टोपी फांदीवरच ठेवून अलगद निघून येते. ही सवलत आपल्यासाठी नाही, ते पुढे येईलच. वनस्पतिशास्त्रात हिला कॅप्सिकम फ्रुटेसेन्स म्हणतात. कुणी लवंगी म्हणतं, कुणी रानमिरची. सोसायटीत तिचं नाव ‘ती डीपीखालची’.

ती कुणी लावली याची चौकशी आमच्या सेक्रेटरींनी रीतसर केली. कुणीच लावली नव्हती. लावणारा रोज सकाळी तारेवर येऊन बसतो, पण त्याला नोटीस बजावता येत नाही. लालबुड्या बुलबुल. मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन नावाचं द्रव्य. आपलं शरीर ज्या ग्राहकाने, म्हणजे रिसेप्टरने, चटका ओळखतं त्यालाच ते जाऊन चिकटतं, म्हणून काही भाजलेलं नसताना तोंड भाजतं. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस 2021 सालच्या नोबेलचे मानकरी ठरले. पक्ष्यांच्या अंगात हाच ग्राहक जरा वेगळ्या घडणीचा आहे, तो कॅप्सेसिनला भीक घालत नाही. बुलबुलाला लाल मिरची आणि लाल तुतू सारखंच. अमेरिकेत ॲरिझोनातल्या रानमिरचीवर ट्यूक्सबरी आणि नाभान या दोघांनी 2001 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या रानउंदरांनी तिखट मिरचीला तोंड लावलं नाही; बिनतिखट दिली तेव्हा खाल्ली, पण त्यांच्या पोटातून गेलेलं एकही बी रुजलं नाही. पक्ष्याच्या पोटातून गेलेलं बी मात्र खुशाल रुजलं.

थोडक्यात, झाडाने दारावर पाटी लावली आहे: दातवाल्यांना प्रवेश नाही. ही पाटी वाचूनही आत घुसणारा प्राणी म्हणजे माणूस. त्यातला मराठी माणूस आत घुसतो, डोळ्यांतून पाणी काढतो, नाक पुसतो आणि वर सांगतो, ‘पूर्वीसारखी तिखट राहिली नाही.’

झुडूप लाल झालं तशी मंडळी गोळा व्हायला लागली आणि प्रत्येकाने ते आपलं म्हणून ओळखलं. तिसऱ्या मजल्यावरचे कोल्हापूरकर म्हणाले, ‘ही आमची लवंगी की! आमच्यात हिचा खरडा करत्यात.’ जळगावच्या वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवून जाहीर केलं की त्यांच्या माहेरी बांधावर अश्शीच होती, आणि मिरचीतलं कळायचं असेल तर आधी नंदुरबारच्या पथारीवर जाऊन उभं राहावं. तिथे मिरची एकरांनी वाळत पडलेली असते, त्यामुळे उभं राहणं शिंका थांबल्यावरच शक्य होतं. नागपूरच्या भाऊंनी भिवापुरीचं नाव काढलं आणि तिला भौगोलिक मानांकन आहे, याची सर्वांना जाणीव करून दिली. मालवणच्या काकू हसल्या. ‘आमच्याकडे परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढते ती हीच. आम्ही तिची चर्चा करत नाही, खातो.’ मग कोट्टायमच्या चेची आल्या. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पहिल्यापासून मल्याळी माणूस आहे, तसे चेचींचे यजमानही साठच्या दशकात आलेले. त्यांनी एक मिरची नखाने मोडली, वास घेतला आणि एकच शब्द उच्चारला: ‘कांथारी.’ उकडलेल्या कप्प्याबरोबर, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाबरोबर, कांथारी, बारीक कांदा, मीठ आणि खोबरेल एवढं ठेचून घेतात. संध्याकाळी एक वाटी माझ्याही घरी आली. वाटी छोटी होती आणि ते योग्यच होतं.

‘आमचीच मिरची’ असा शिक्का काही ठिकाणी सरकारच मारतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 1995 साली हालापेन्यो ही राज्य मिरची ठरवली आणि 1997 साली तिथल्या रानमिरचीला, चिल्टेपिनला, राज्याची देशी मिरची असा वेगळा मान दिला. आपल्याकडे राज्य फूल ताम्हण आहे, राज्य प्राणी शेकरू, पक्षी हरियाल. फुलपाखरूसुद्धा ठरलंय, ब्ल्यू मॉर्मन. राज्य मिरची नाही. आणि ती ठरू नये असंच माझं मत आहे. संकेश्वरी, लवंगी, भिवापुरी, नंदुरबारी यांतली एक निवडायची तर विधिमंडळाचं एक अधिवेशन पुरणार नाही, आणि सीमाप्रश्नाला नवी शाखा फुटेल. कारण संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि संकेश्वरीचा खरा मसाला कुणाचा यावर गडहिंग्लजकर आवाज चढवायला तयार असतात.

जो तो झुडपावर असा हक्क सांगत असला की कुणीतरी खरं बोलायची घाई करतोच. आमच्याकडे तो मान कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने घेतला. ती म्हणाली, मिरची मुळात भारतातलीच नाही. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची आहे. पोर्तुगीजांनी आणली, त्यांनी 1510 साली गोवा घेतला, आणि मिरची आपल्या किनाऱ्याला लागली ती त्या शतकात. त्याआधी तिखटपणाचं खातं मिरी, पिंपळी आणि आलं सांभाळायचं. म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर आळंदीत ज्ञानेश्वर माउलींनी 1296 साली समाधी घेतली तेव्हा पंचक्रोशीतल्या एकाही घरात मिरची नव्हती. मुक्ताईच्या मांड्यांची कथा घरोघरी सांगतात, त्या ताटात ठेचा असणं शक्य नाही.

सगळ्यांना मिरच्या झोंबल्या. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी कोल्हापूरकरांनी बाजू सावरली. ‘आणली असंल पोर्तुगीजांनी. तिखट आम्ही केली.’

यावर तोड नव्हती. शिवाय तिथल्या तिथे असंही निघालं की हेच झाड पोर्तुगीजांनी आफ्रिकेतही नेलं आणि तिकडे ते पिरी-पिरी म्हणून नावाजलं. आणि पिझ्झ्यावर थेंब थेंब टाकतात ते टबॅस्को याच जातीच्या मिरचीचं. ‘म्हणजे एक्स्पोर्ट क्वालिटी,’ टेल्कोवाले काका म्हणाले, आणि इथून पुढे प्रकरण औद्योगिक झालं.

या पट्ट्यात कारखान्यातून माणूस निवृत्त होतो, माणसातून कारखाना होत नाही. टेल्कोवाले काका क्वालिटीत होते. दुसऱ्या दिवशी ते व्हर्नियर घेऊन झुडपाशी बसलेले दिसले. एकेक मिरची मोजून वहीत लिहीत होते. एकाच फांदीवर अठरा मिलिमीटरची मिरची आणि चोवीसची मिरची पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं. ‘प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही,’ म्हणाले. चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत लाइन बघणारा पहिल्या मजल्यावरचा तरुण त्यांना सामील झाला. त्याने कारणं शोधायची फिशबोन आकृती काढली: माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत. यंत्राच्या रेघेवर लिहायला काही सापडेना म्हणून ‘बुलबुल’ लिहिलं. शेवटी काकांनी एक मिरची डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगसाठी घेतली, म्हणजे चावली. नमुना नष्ट झाला. परीक्षकही अर्धा झाला. काकू ताक घेऊन धावल्या, आणि ते शास्त्राला धरूनच होतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी प्यायलं की ते तोंडभर पसरतं. दुधा-ताकातलं केसिन मात्र त्याला धरून खाली नेतं. काकांना उचकी लागली होती. उचक्यांच्या मधल्या फटीत त्यांनी शेरा दिला: ‘पास.’

काकांना हसू नका. तिखटपणा मोजायची पहिली रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती. विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधनिर्मात्याने 1912 साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि पाच जणांना चाखवत राहायचा असा प्रयोग बसवला. तिखट लागेनासं होईपर्यंत जितक्या पट पाणी घालावं लागलं तितके स्कोव्हिल. ढोबळीचा आकडा शून्य; आपल्या या बोटभरही नसलेल्या बाईचा साधारण पन्नास हजार ते एक लाख. आता गंमत बघा. स्कोव्हिल नोकरीला होता डेट्रॉइटमध्ये. गाड्यांचं ते शहर, ज्याच्या नावाने आपल्या पट्ट्याला उठसूट ‘भारताचं डेट्रॉइट’ म्हणतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1913 साली, डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलँड पार्कमध्ये फोर्डची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. मोटार आणि मिरची या दोघींचं मोजमाप एकाच परिसरात बसलं. ही माहिती कळल्यापासून काका व्हर्नियर उघड्यावर वापरतात.

खरी फजिती गच्चीवर झाली. रानमिरचीचं बी घरोघरी गेलं आणि प्रत्येकाने तिला सुखात ठेवायचं ठरवलं. उरुळी कांचनहून कुंड्या आल्या, कोकोपीट आलं, गांडूळखत आलं, रोज दोन वेळा पाणी. बी पंधरा-वीस दिवस ढिम्म हललं नाही, तेवढ्यात निम्म्या लोकांनी कुंडीत पुदिना लावला. जी रोपं आली ती आधी मजेत वाढली, पालेदार झाली आणि मग पानं वरच्या बाजूने वाटीसारखी वळायला लागली. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात, काही भागांत बोकड्या. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी, आणि माशीने आणलेला विषाणू अशी ही कुळंबीळं असतात. नत्र भरपूर मिळालेलं लुसलुशीत पान त्यांना फार आवडतं. उपाय म्हणून निंबोळी अर्क झाला. आंबट ताक झालं. शेवटी बीडच्या पाटलांनी गावाकडून अग्निअस्त्राची कृती मागवली: गोमूत्र, कडुनिंबाचा पाला, तंबाखू, लसूण आणि हिरवी मिरची. मिरचीच्या झाडावर मिरचीचाच काढा. गॅलरीत उकळत ठेवल्यावर वरच्या तीन मजल्यांवरची माणसं खाली पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. आगीच्या तालमीला कधी इतकी हजेरी लागली नव्हती.

तिकडे डीपीखाली राडारोडा आणि मुरूम. ट्रान्सफॉर्मरची धग. अर्धा दिवस भिंतीची सावली. पाणी म्हणाल तर शहरालाच 2019च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड येतं, झाडाला कोण घालतो? पाइपाच्या जोडातून जे ठिबकेल ते. मे महिन्यात पानं मलूल होतात, जानेवारीच्या थंडीत बरीच गळतात, बाई जिवंत. माळीदादांना दिसायला हवी ती ड्युरांटाची पिवळी कुंपणरांग. त्यात न बसणारं सगळं त्यांच्या लेखी तण. त्यांनी एकदा कात्री चालवून ती गुडघ्याइतकी केली. दोनेक महिन्यांत प्रत्येक कापल्या टोकाला दोन-दोन फांद्या फुटल्या आणि मिरच्या आधीपेक्षा दाट लागल्या. माळीदादा आता ‘छाटणी मी केली म्हणून’ असं सांगतात, आणि त्यांचं खरं आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातही रानमिरची उघड्यावर फारशी येत नाही. काटेरी झुडपांच्या सावलीत येते, कारण पाखरं तिथे बसतात आणि ऊन तिथे कमी लागतं. आमच्याकडे ते काम डीपी करतो.

मग वार्षिक सभा. विषय क्रमांक 7: डीपीजवळील मिरचीबाबत. जागा सामाईक, तेव्हा मिरची सामाईक. फ्लॅटप्रमाणे वाटायची की क्षेत्रफळाप्रमाणे? दुकानदार सभासदांना हक्क आहे का? भाडेकरूने तोडावी का मालकाने? एका सभासदाने मिरच्या विकून लिफ्टच्या दुरुस्तीला हातभार लावायची सूचना मांडली. चाकणच्या मार्केट यार्डात हिरवी मिरची पोत्यांनी उतरते आणि पिंपरीच्या मंडईत कोथिंबिरीबरोबर चार मिरच्या भाजीवाली मावशी नुसत्या शब्दावर टाकते. असली पेराएवढी मिरची खुडायला बसलं तर तासाभरात वाटीभर होते. हिशेब काढणाऱ्यांनी त्या तासाचा ओव्हरटाइमचा दर लावून पाहिला आणि सूचना मागे घेतली. लिंबू-मिरचीच्या माळेला तरी चालेल म्हणावं, तर शनिवारी दारोदार माळा देणारा मुलगा हसला. सात मिरच्या, लिंबू, बिब्बा अशी ती माळ ट्रेलरच्या बंपरखाली लोंबली पाहिजे. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत मागच्या गाडीला ती दिसली पाहिजे. ही लवंगी लावली तर दृष्ट लावणाऱ्याला चष्मा घालावा लागेल. सभा त्या विषयावर तहकूब झाली, दर वर्षी होते.

न ठरवता जे ठरलं ते असं. सकाळच्या शिफ्टची कंपनीची बस गेटासमोर थांबते. बसची वाट बघणारी पोरं जाळीतून हात घालून दोन-दोन हिरव्या खुडतात आणि डब्याच्या वरच्या खणात टाकतात. कारखाना कोणताही असो, कॅन्टीनच्या डाळीला एक समान चव असते, आणि त्या चवीवर दोन लवंग्या हा पट्ट्याने मान्य केलेला उतारा आहे. वरच्या टोकाच्या लाल मिरच्यांना कुणी हात लावत नाही. जाळीतून तिथवर हातच पोचत नाही. त्या बुलबुलाच्या. परवा मीटर रूमच्या मागे, गटाराच्या झाकणाजवळ, चार पानांचं नवं रोप दिसलं. सेक्रेटरींना अजून माहीत नाही.

तुम्हाला लावायची असेल तर कुंडी सजवू नका. एक लाल मिरची सावलीत वाळवा, भिंतीकडेच्या बऱ्या निचऱ्याच्या जागेत, अर्ध्या उन्हात बी टाका आणि महिनाभर विसरा. उगवल्यावर शेणखत मूठभर, पाणी माती कोरडी झाल्यावर. आणि मिरच्या खुडून झाल्यावर डोळ्यांना, विशेषतः काँटॅक्ट लेन्सला, हात लावण्याआधी बोटांना गोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने जात नाही.